विद्यार्थ्यांचे शोधप्रबंध आणि लेखनाची शिस्त



आज ज्या विषयावर आपणांपुढें चार शब्द बोलावयाचे आहेत, तो वरवर पाहतां महाविद्यालयाच्या भिंतींआडचा वाटेल. पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी जो लघुप्रबंध सादर करतात, किंवा पीएच.डी.च्या पदवीसाठीं जो मोठा प्रबंध लिहितात, त्यांतील लेखन कसें असावें, हा तो विषय होय. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर संशोधन-प्रकल्प हा पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा नेहमींचा भाग होत चालला आहे, आणि त्यामुळें हा विषय आतां आपल्या घरांत येऊन बसला आहे. मुलगा किंवा मुलगी रात्रीं उशिरापर्यंत संगणकापुढें बसलेली असते, आणि आईबापांना एवढेंच कळतें कीं 'प्रबंध चालू आहे'. तो प्रबंध म्हणजे काय, आणि तो चांगला केव्हां म्हणावा, याचा थोडा विचार घरच्या मंडळींनींहि करावा, म्हणून हें भाषण.

माझा अधिकार किती, हें आधींच सांगितलेलें बरें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. प्रबंध मीं लिहिलेला नाहीं. परंतु हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत मास्तर निवृत्त झाला तरी त्याची तांबडी शाई निवृत्त होत नाहीं. जुने विद्यार्थी आपलीं बाडें घेऊन येतात आणि म्हणतात, "गुरुजी, एवढें शुद्धलेखन पाहून द्या." अशीं बाडें मीं बरीच वाचलीं आहेत. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका त्यांत असतात, आणि त्या सुधारतां येतात. परंतु ज्याला तांबडी शाई पुरत नाहीं असा एक मोठा दोष त्यांत असतो, आणि आज त्याविषयींच बोलावयाचें आहे.

तो दोष उदाहरणानें सांगतों. समजा, वसमत तालुक्यांतील एका हळद-उत्पादकाचा मुलगा 'हळदीचें विपणन' या विषयावर लघुप्रबंध लिहीत आहे. त्याचें पहिलें वाक्य बहुधा ठरलेलें असतें: भारत हा कृषिप्रधान देश आहे. पुढें हळदीचें शास्त्रीय नांव, मग तिचे औषधी गुण, मग जगाच्या बाजारांतील तिचें स्थान. हें सर्व कोठून तरी घेतलेलें असतें. कोठून घेतलें तें लिहिलेलें नसतें. आतां या मुलानें कळत्या वयापासून काय पाहिलें आहे, तें पाहूं. जूनच्या सुमारास लावलेलें बेणें आठ-नऊ महिन्यांनीं काढणीस येतें. ओली हळद शिजवावी लागते, पुढें पंधरा-पंधरा दिवस उन्हांत वाळवावी लागते, आणि मग फिरत्या पिंपांत घासून तिला पॉलिश करावें लागतें. शिजवण्यांत कमीअधिक झालें तर माल हलका ठरतो. बाजारांत नेण्यापूर्वीं किती दिवस माल घरांत ठेवावयाचा, कर्ज फेडण्यासाठीं तो केव्हां विकावा लागतो, हें सारें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. यांतील एकहि ओळ त्याच्या प्रबंधांत नसते. विचारलें तर तो म्हणतो, "गुरुजी, तें काय लिहायचं? तें तर आमच्या घरचंच आहे. पुस्तकांत कुठें आहे?"

वसमतच्या हळदीला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें; म्हणजे ही हळद आपल्या मातीमुळें व हवेमुळें वेगळी आहे, हें सरकारदरबारीं नोंदलें गेलें. ती वेगळी कशी, हें मात्र तिच्या शेजारीं वाढलेल्या मुलाच्या प्रबंधांत सांपडूं नये, ही खेदाची गोष्ट आहे.

मला दिसणारा दोष तो हा. या प्रबंधांतील वाक्यांना धनी नसतो. कोणतें वाक्य लेखकानें वाचलें, कोणतें पाहिलें अथवा मोजलें, आणि कोणतें स्वतः विचार करून काढलें, हें वाचणाऱ्यास कळत नाहीं. आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं प्रमाणें सांगितलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून कळलें तें शब्दप्रमाण; इंद्रियांनीं कळलें तें प्रत्यक्ष; धूर पाहून अग्नि आहे असें ठरविलें तें अनुमान. प्रबंधलेखनाची सारी शिस्त या जुन्या विभागणींत आली आहे असें मला वाटतें. प्रत्येक महत्त्वाचें विधान कोणत्या प्रमाणावर उभें आहे, तें वाचकास दिसलें पाहिजे. तळटीप म्हणजे शब्दप्रमाणाचा पत्ता. कोष्टक व मुलाखतींची नोंद म्हणजे प्रत्यक्षाचा पुरावा. आणि 'यावरून' या शब्दानें सुरू होणारें वाक्य म्हणजे अनुमान. तें करण्याचा अधिकार पहिल्या दोहोंची सोय झाल्यावरच येतो.

आतां विद्यार्थी असें कां लिहितात? ते आळशी आहेत असें म्हणणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. आमचा भाग १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. मराठीभाषक मुलाला वरचें शिक्षण घ्यावयाचें तर तें परक्या वाटेनें घ्यावें लागे. मराठवाड्याला स्वतःचें विद्यापीठ मिळालें तें १९५८ मध्यें, औरंगाबादेस; नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें १९९४ मध्यें; आणि हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजीं. म्हणजे ज्या घरांतून आज हे विद्यार्थी येतात, त्यांतील पुष्कळ घरांत प्रबंध नांवाची वस्तु आजवर कोणीं पाहिलेलीहि नसते. त्यांच्यापुढें नमुना असतो तो शाळेंतील निबंधाचा, आणि शाळेंतील निबंध आम्हीं मास्तरमंडळींनीं मार्गदर्शिकेंतून पाठ करून घेण्याची वस्तु करून ठेविली आहे. जो मुलगा छापील शब्द जसेच्या तसे उतरवील त्याला पूर्ण गुण, आणि जो स्वतःच्या गांवच्या पावसाचें वर्णन करील त्याला निम्मे, ही रीत दहा-बारा वर्षें चालविल्यावर त्याच मुलानें एकाएकीं संशोधक व्हावें अशी अपेक्षा आपण करतों.

दुसरी एक समजूत आहे कीं, संशोधनाची ही पद्धति पाश्चात्त्य आहे, म्हणून ती आपल्या मुलांना अवघड जाते. तिच्यांत थोडें तथ्य आहे. तळटीपा कशा द्याव्या, सूची कशी लावावी, हे संकेत तिकडून आले. परंतु वाद कसा मांडावा, हें आपल्याकडे फार पूर्वीं ठरलेलें आहे. मीमांसकांच्या अधिकरणाचीं पांच अंगें असतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. विषय सांगावयाचा, त्यांत शंका कोठें आहे तें दाखवावयाचें, आपल्या विरुद्ध असलेलें मत त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडावयाचें, मग त्याला उत्तर द्यावयाचें, आणि शेवटीं निर्णय करावयाचा. आजच्या प्रबंधाचीं प्रकरणें याच क्रमानें लावलीं तर बहुधा चुकणार नाहींत. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत विषय असतो आणि निर्णय असतो. मधलीं तीन अंगें गळालेलीं असतात. जेथें संशय नाहीं तेथें संशोधन कशाचें करावयाचें?

एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यांतलें घेऊं. हिंगोली तालुक्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी नामदेव हें गांव आहे. संत नामदेवांचें तें जन्मस्थान, अशी आमची श्रद्धा आहे, आणि तेथें भाविकांची गर्दी लोटते. विद्यार्थी आपल्या प्रबंधांत लिहितो, "संत नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्यें नरसी येथें झाला." वाक्य संपलें. वास्तविक या ठिकाणीं त्याचें काम सुरू व्हावयास हवें होतें. कारण परंपरेंत 'नरसी बामणी' असें जें जोडनांव येतें, तें गांव हेंच कीं कऱ्हाडच्या बाजूचें, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे; पंढरपूर हेंच जन्मस्थान मानणारेहि आहेत. शिवाय नामदेवांच्या नांवावरील गाथेंत पुढील काळांतील विष्णुदास नामा इत्यादि कवींचे अभंग मिसळले आहेत. तेव्हां ज्या अभंगाच्या आधारें आपण जन्मस्थान ठरवितों तो अभंग कोणाचा, हाच पहिला प्रश्न होतो. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, आणि आदिग्रंथाचें संकलन १६०४ मध्यें झालें. म्हणजे त्या पदांपुरती एक निश्चित तारीख आपल्या हातीं येते; अशी तारीख असलेला कागद किती मोलाचा, हें विद्यार्थ्यानें शिकावयाचें असतें.

हें सर्व लिहिलें म्हणजे नरसीचा मान कमी होईल, अशी भीति आमच्या मुलांना वाटते, आणि कधींकधीं त्यांच्या घरच्यांनाहि वाटते. मला तसें वाटत नाहीं. श्रद्धेला पुराव्याची गरज नसते. परंतु ज्याला प्रबंध लिहावयाचा आहे, त्यानें कऱ्हाडकडील पक्ष प्रामाणिकपणें मांडल्यावांचून नरसीचा पक्ष मांडला, तर त्याचें म्हणणें नरसीच्या बाहेर कोण ऐकणार?

विरुद्ध पक्ष कसा हाताळावा, याचें उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रबंधांत आहे. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध त्यांनीं १९२२ च्या ऑक्टोबरांत लंडन विद्यापीठास डी.एस्सी. पदवीसाठीं सादर केला. त्यांत त्यांनीं ज्या चलनपद्धतीवर टीका केली, तिची बाजू केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञानें १९१३ मध्यें स्वतंत्र ग्रंथ लिहून घेतली होती. बाबासाहेबांनीं केन्सचें नांव टाळलें नाहीं. त्याचें म्हणणें काय तें सांगितलें आणि मग तें आपल्याला कां मान्य नाहीं याचीं कारणें दिलीं. परीक्षकांनीं प्रबंध फिरून लिहावयास सांगितला. ते हिंदुस्थानांत परत आले, त्यांनीं फेरलेखन केलें, आणि १९२३ अखेर प्रबंध मान्य होऊन पुस्तकरूपानें प्रसिद्धहि झाला. निष्कर्ष त्यांनीं बदलले नाहींत, असें चरित्रकार सांगतात. त्या पुस्तकाला त्यांचे गुरु एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि तींत कॅनन यांनीं आपले मतभेद उघड नोंदविले आहेत. शिष्याचें मत न पटूनहि त्याच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारा गुरु, आणि गुरूचें मत विरुद्ध असूनहि पुराव्यावर उभा राहणारा शिष्य! आमच्या विद्यार्थ्याला 'फेरलेखन करा' असा शेरा मिळाला कीं त्याचें तोंड उतरतें. त्याला मी ही हकीकत सांगतों.

आणि अगदीं शेजारचें उदाहरण हवें असेल तर नरहर कुरुंदकरांचें घ्यावें. वसमत तालुक्यांतील कुरुंदें हें गांव त्यांच्या आडनांवांतच आहे. १९३२ ते १९८२ एवढें त्यांचें आयुष्य. आधीं शाळेंत शिक्षक आणि पुढें नांदेडच्या पीपल्स कॉलेजांत प्राध्यापक व प्राचार्य. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला त्यांनीं जोडलेली प्रस्तावना मराठी वाचकांस परिचित आहे. ज्या मताचें खंडन करावयाचें तें मत, तें मानणाऱ्यालाहि साधणार नाहीं इतक्या नेटकेपणानें आधीं मांडावयाचें, ही त्यांची रीत होती. भाषा म्हणाल तर अशी सरळ, कीं वाक्याचा अर्थ लावण्यासाठीं मागें वळावें लागत नाहीं. आमच्याच मातींतला हा नमुना समोर असतां विद्यार्थ्यांनीं क्लिष्टपणाला विद्वत्ता समजण्याचें कारण नाहीं.

क्लिष्टपणाचा हा रोग आतां बळावला आहे. "प्रस्तुत संशोधनाच्या माध्यमांतून सदर बाबीच्या अनुषंगानें असें निदर्शनास येतें कीं," एवढे शब्द झाले तरी अजून कांहींच सांगून झालेलें नसतें. त्याऐवजीं "मीं चाळीस शेतकऱ्यांना विचारलें, त्यांपैकीं एकतीस जणांनीं माल पहिल्याच महिन्यांत विकला होता," असें लिहिलें तर वाचणाऱ्याला विधान मिळतें, आणि तें तपासण्याची सोयहि मिळते. अवघड शब्दांच्या आड पुष्कळदा माहितीचा अभाव दडलेला असतो. सोपें वाक्य तो दडवूं शकत नाहीं. म्हणूनच सोपें वाक्य लिहिण्यास धैर्य लागतें.

आतां उचलेगिरीविषयीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ मध्यें यासंबंधीं नियम केले. प्रबंधाचें इतर लेखनाशीं असलेलें साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाहीं. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आंत सुधारून द्यावयाचें. चाळीस ते साठ टक्के असेल तर एक वर्ष फेरसादर करण्यास मनाई. आणि साठ टक्क्यांहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द. अवतरण-चिन्हांत घालून संदर्भासह दिलेला मजकूर या साम्यांत धरीत नाहींत. नियम चांगले आहेत. परंतु त्यांचा एक विलक्षण परिणाम झाला आहे. विद्यार्थी उचलणें सोडीत नाहींत, फक्त 'महत्त्वाचें' याच्या जागीं 'महत्त्वपूर्ण' घालतात, किंवा इंग्रजी लेख यंत्राकडून मराठींत उतरवून घेतात, म्हणजे टक्के कमी येतात. हल्लीं तर कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें सांगाल त्या विषयावर क्षणांत प्रकरण लिहून देतात, संदर्भहि जोडतात. त्या संदर्भांपैकीं कांहीं पुस्तकें जगांत कोणीं लिहिलेलींच नसतात!

टक्के मोजणारें यंत्र शब्दांचें साम्य मोजतें. "हें तुला कसें कळलें?" हा प्रश्न तें विचारीत नाहीं. तो प्रश्न माणसानेंच विचारावयाचा आहे. आधीं विद्यार्थ्यानें स्वतःला, मग मार्गदर्शकानें, आणि माझें तर म्हणणें आहे कीं घरच्या मंडळींनींहि.

यासाठीं विद्यार्थ्यांना मी कांहीं साध्या गोष्टी सांगत असतों. पहिली, वाचतांनाच वहींत पुस्तकाचें नांव, आवृत्तीचें वर्ष आणि पृष्ठांक लिहून ठेवावा. प्रबंध संपल्यावर संदर्भ शोधूं लागणें म्हणजे गुरें रानांत गेल्यावर दावीं शोधणें होय. दुसरी, दुसऱ्याचे शब्द घ्यावयाचे तर अवतरणांत जसेच्या तसे घ्यावे. विचार घ्यावयाचा तर पुस्तक मिटून आपल्या भाषेंत लिहावा. दोन्ही प्रकारांत ऋण सांगावें. तिसरी, प्रत्येक प्रकरण कोणत्या एका प्रश्नाचें उत्तर आहे, तें प्रकरणाच्या आरंभीं एका वाक्यांत लिहून पाहावें. लिहितां आलें नाहीं, तर प्रकरण अद्याप झालेलें नाहीं असें समजावें. चौथी, आपल्याला काय सांपडलें नाहीं तेंहि लिहावें. किती गांवें पाहिलीं, किती राहिलीं, कोणीं उत्तर देण्याचें नाकारलें, हें लिहिल्यानें प्रबंध उणा ठरत नाहीं. पुढच्या अभ्यासकाला कोठून आरंभ करावा तें कळतें. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला तो अस्सल कागद पुढच्यांच्या हातीं देण्यासाठींच. पुढें पुष्कळांनीं राजवाड्यांचीं मतें खोडलीं. पण त्यांनीं वांचविलेल्या कागदांवांचून तीं खोडणेंहि शक्य झालें नसतें.

शेवटची गोष्ट आपल्यासारख्या सुशिक्षित घरांसाठीं. पीएच.डी.चे प्रबंध पूर्वीं ग्रंथालयाच्या कपाटांत धूळ खात पडत. आतां ते 'शोधगंगा' या भांडारांत ठेवले जातात आणि जगांत कोठूनहि वाचतां येतात. पन्नास वर्षांनीं कोणाला हिंगोलीची हळद कशी पिकत होती, कयाधूकांठच्या बायका जात्यावर काय गात होत्या, येथील मजूर उसाच्या तोडणीला कोठें जात होते, हें जाणावयाचें असेल, तर तो हे प्रबंध उघडील. त्यांत त्याला भारत कृषिप्रधान असल्याचें वाचावयास मिळालें, तर आमच्या जिल्ह्यापुरता तो काळ पुसला गेला असें होईल. ज्यांना तो ठाऊक होता तीं माणसें तोंवर राहिलेलीं नसतील.

म्हणून आपल्या मुलाचा प्रबंध चालू असेल तर त्याला पैसे देऊन तो कोणाकडून लिहवून घेऊं नका, आणि प्रेमापोटीं स्वतःहि लिहून देऊं नका. जेवणाच्या वेळीं त्याला इतकेंच विचारा: तूं काय शोधतो आहेस? तुझ्या आधीं कोणीं काय म्हटलें आहे? आणि तुझें म्हणणें तुला कसें कळलें? आजी शिकलेली नसली तरी तिलाहि हें ऐकायला बसवा. आजीला समजेल असें त्याला सांगतां आलें, तर लिहितांहि येईल. आणि कदाचित् आजीच त्याला असें कांहीं सांगेल कीं जें कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. तें त्यानें आजीच्या नांवानिशीं प्रबंधांत लिहावें. तिची अनुमति घेऊन, तारीख घालून.